जुन्या वेब सर्व्हिसचे स्वयंचलित बिल्ड नव्या सर्व्हरवर फसते: जेडीके ८ निवडूनही जावा १७ कुठून येते?

करवीर_कोडर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या जुन्या वेब सर्व्हिसची देखभाल आमच्याकडे आहे. उसाचे वाहन काट्यावर आले की भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन, सभासदाचा खाते क्रमांक आणि वाहतूकदाराचा क्रमांक ही माहिती काट्यावरचा संगणक या सर्व्हिसला पाठवतो. सर्व्हिस ती ऊस हिशोबात नोंदवते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत संदेश जाण्याची व्यवस्था करते. ऊसबिलाची रक्कम खात्यावर जमा करण्यासाठी ती बँकेच्या सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणाऱ्या) सर्व्हिसलाही विनंती पाठवते. प्रकल्प जावा ६ च्या काळात सुरू झाला, पुढे जावा ८ वर आला आणि तिथेच राहिला.

ऑफिसमधील जुना बिल्ड सर्व्हर (कोडवरून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करणारे मशीन) बदलून आम्ही क्लाउडवर उबंटूचे मशीन घेतले आहे. त्यावर जेनकिन्स या आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी दीर्घकालीन आवृत्ती बसवली असून ती चालण्यासाठी जावा १७ लागते. जुना जॉब जसाच्या तसा आणला. तो 'मेव्हन प्रोजेक्ट' या प्रकारचा आहे (मेव्हन म्हणजे लायब्रऱ्या उतरवून कोड बांधणारे साधन) आणि त्याच्या सेटिंगमध्ये जेडीके ८, म्हणजे जावा ८ चा विकसन संच, निवडलेले आहे. सुरुवातीला लायब्रऱ्याच उतरत नव्हत्या, कारण पॉम या मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये मेव्हन सेंट्रल या लायब्रऱ्यांच्या भांडाराचा पत्ता एचटीटीपीने लिहिलेला होता आणि तो मार्ग १५ जानेवारी २०२० पासून बंद आहे. पत्ता एचटीटीपीएस केल्यावर तेवढे मिटले.

आता अडचण अशी आहे की बँकेच्या डब्ल्यूएसडीएलवरून (सर्व्हिसचे वर्णन करणाऱ्या फाइलवरून) क्लायंट कोड तयार होण्याच्या टप्प्यावर बिल्ड थांबते. 'कॉम.सन:टूल्स' हे आर्टिफॅक्ट (लायब्ररी फाइल) दिलेल्या ठिकाणी सापडले नाही, असा संदेश येतो आणि त्यात दिलेला पाथ जावा १७ च्या फोल्डरमधील 'लिब/टूल्स.जार' असा आहे. जेडीके ८ निवडलेले असताना हा पाथ कुठून आला, हेच समजत नाही. इंटरनेटवर काही ठिकाणी टूल्स.जार ही फाइल जावा १७ च्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? की या निमित्ताने संपूर्ण प्रकल्पच जावा १७ वर न्यावा? गाळप हंगाम तोंडावर आला आहे आणि काटा पावतीच्या नमुन्यातील एक बदल त्याआधी द्यायचा आहे.

उद्यमनगर

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या पाथमध्येच आहे. पॉममध्ये टूल्स.जारचा पत्ता 'जावा.होम' या गुणधर्मावरून काढलेला असणार, म्हणजे ज्या जावावर मेव्हन स्वतः चालले आहे, तिचे फोल्डर त्या संदेशात छापले जाते. ते १७ चे आहे याचा अर्थ मेव्हन १७ वर चालले आहे. सेटिंगमध्ये काय निवडले आहे याला इथे महत्त्व नाही.

हे घडण्याचे कारण जेनकिन्सच्या 'मेव्हन प्रोजेक्ट' या जॉब प्रकारात आहे. या प्रकारात जेनकिन्स स्वतःचा काही कोड मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या प्रक्रियेत) घुसवून बिल्डवर लक्ष ठेवते, त्यामुळे त्या जेव्हीएमची जावा जेनकिन्सला लागणाऱ्या किमान जावापेक्षा जुनी असून चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २.४७९.१ या दीर्घकालीन आवृत्तीपासून ही किमान मर्यादा जावा १७ झाली. तुम्ही ८ निवडले की जेनकिन्स ते नाकारते, एजंटच्या (प्रत्यक्ष बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्सच्या भागाच्या) जावावर मेव्हन पुन्हा सुरू करते आणि केवळ कंपाइल व चाचणी या दोन कामांसाठी ८ चा पत्ता पुढे देते. लॉगच्या सुरुवातीच्या भागात 'जेनकिन्स-१८४०३' या क्रमांकाने सुरू होणारी ओळ शोधा. हे सारे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. आपण बहुतेक वेळा लॉगच्या तळाशी असलेली लाल अक्षरे वाचतो आणि ही ओळ वरच राहून जाते.

डब्ल्यूएसडीएलवरून कोड तयार करणारे तुमचे जुने प्लगइन मात्र कंपाइल टप्प्याच्या आधी, मेव्हनच्या स्वतःच्या जेव्हीएममध्ये चालते. तिथे १७ आहे, आणि टूल्स.जार ही फाइल जावा ९ पासूनच जेडीकेमधून गेली आहे. म्हणून ती उचलून १७ च्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा सल्ला कृपया मानू नका. आजचा संदेश त्याने जाईल, पण जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्स-बी हे सोप व एक्सएमएल हाताळणारे भाग सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये जेडीकेबाहेर काढले गेले असल्यामुळे पुढच्याच पावलावर क्लास सापडत नसल्याची तक्रार येईल. शिवाय सिस्टिमच्या जेडीके फोल्डरमध्ये हाताने ठेवलेली फाइल पुढच्या अपडेटमध्ये नाहीशी होऊ शकते, आणि मग ती तिथे का होती हे कुणालाच सांगता येणार नाही.

योग्य मार्ग असा की जॉबचा प्रकार बदलून पाइपलाइन (बिल्डच्या पायऱ्या कोडमध्ये लिहिण्याचा प्रकार) करावी, किंवा निदान 'फ्रीस्टाइल' करावा. या दोन्ही प्रकारांत मेव्हन ही स्वतंत्र प्रक्रिया म्हणून सुरू होते आणि 'जावा_होम' जेडीके ८ कडे वळवला की संपूर्ण बिल्ड ८ वरच चालते. जेनकिन्स आणि त्याचा एजंट १७ वर राहिले तरी हरकत नाही. मेव्हन ३.९ जावा ८ वर चालते, परंतु मेव्हन ४ साठी जावा १७ लागते, म्हणून मेव्हनची आवृत्तीही मेव्हन रॅपर (ठरलेली आवृत्ती आपोआप उतरवणारी स्क्रिप्ट) वापरून प्रकल्पातच नोंदवून ठेवा. पॉममध्ये एन्फोर्सर प्लगइन लावून 'जावा १.८ खेरीज अन्य आवृत्तीवर बिल्ड थांबवा' असा नियम लिहिला, तर पुन्हा कधी चुकीची जावा आली तरी पहिल्या काही सेकंदांत नेमके कारण समोर येईल.

आणखी एक गोष्ट. जेडीके ८ जुन्या मशीनवरून कॉपी करून आणू नका, आजचे अपडेट नव्याने उतरवा. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचे आयएसआरजी रूट एक्स-१ हे मूळ प्रमाणपत्र जावा ८ च्या १४१ व्या अपडेटपासून समाविष्ट आहे. त्याआधीच्या प्रतीवर एचटीटीपीएसची कोणती ना कोणती जोडणी अडकण्याची शक्यता असते, आणि ती चूक वरकरणी नेटवर्कची वाटते.

करवीर_कोडर

उद्यमनगर, मनापासून आभार. ती ओळ लॉगमध्ये आपण सांगितल्याप्रमाणेच मिळाली. जॉब पाइपलाइनमध्ये लिहिला आणि टूल्स.जारची तक्रार गेली. आता दोन गोष्टी अडल्या आहेत. बँकेच्या चाचणी सर्व्हरवरून डब्ल्यूएसडीएल उतरवताना वेळमर्यादा संपते. तसेच बँकेने पूर्वी दिलेली एन्क्रिप्शनची एक जार फाइल कोणत्याही रिपॉझिटरीत नाही. ती जुन्या मशीनवर कुणीतरी हाताने बसवलेली असावी.

पंचगंगा_घाट

जुने मशीन अजून शाबूत असेल तर ते फॉरमॅट करू नका आणि भंगारातही देऊ नका. अनेक वर्षे चाललेल्या बिल्ड मशीनच्या '.एम२' फोल्डरमध्ये (मेव्हनने उतरवलेल्या लायब्रऱ्यांच्या साठ्यात) अशा वस्तू साठलेल्या असतात ज्या आता दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. त्या फोल्डरमध्ये प्रत्येक लायब्ररीशेजारी '_रिमोट.रिपॉझिटरीज' नावाची लहान फाइल असते. ती लायब्ररी कोणत्या रिपॉझिटरीतून आली, हे त्या फाइलमध्ये नोंदलेले असते आणि हाताने बसवलेल्या जारपुढे रिपॉझिटरीचे नाव रिकामे असते. ते वाचले की किती फाइली अनाथ आहेत हे एका बैठकीत कळते. अशा सगळ्या फाइली तुमच्या स्वतःच्या नेक्सस किंवा तत्सम रिपॉझिटरीत चढवा आणि सोबत ती कुणाकडून, कोणत्या करारान्वये मिळाली याची नोंद ठेवा. बंद पडलेल्या रिपॉझिटरींवर अवलंबून असलेल्या लायब्रऱ्याही याच वेळी बाजूला काढून घ्या. कोडहॉस २०१५ मध्ये बंद झाले, जावा.नेट २०१७ मध्ये, आणि जेसेंटरमागची बिनट्रे सेवा २०२१ मध्ये. तुमच्या प्रकल्पाच्या वयाकडे पाहता यांपैकी एखादा पत्ता पॉममध्ये नक्की असेल.

बँकेच्या वेळमर्यादेचे कारण बहुधा साधे आहे. बँका चाचणी सर्व्हर ठरावीक आयपी पत्त्यांनाच खुला ठेवतात; जुन्या ऑफिसचा पत्ता त्यांच्या यादीत होता, क्लाउड मशीनचा नाही. बँकेला पत्र पाठवून नवा पत्ता यादीत घालून घेता येईल, पण माझे मत असे आहे की ते केले तरी बिल्ड त्यावर अवलंबून ठेवू नये. दुसऱ्या संस्थेचा सर्व्हर चालू असेल तरच आपला कोड कंपाइल व्हावा, ही रचनाच चुकीची आहे. डब्ल्यूएसडीएल आणि त्यात आयात केलेल्या सगळ्या एक्सएसडी (डेटाची रचना सांगणाऱ्या) फाइली उतरवून प्रकल्पाच्या सोर्समध्ये ठेवा, गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) नोंदवा आणि प्लगइनला स्थानिक फाइल दाखवा. बँकेने सर्व्हिसच्या या वर्णनात बदल केला तर तो फरक गिटमध्ये ओळीनिशी दिसेल. आज तो बदल रात्रीच्या बिल्डमधून तुमच्या नकळत आत येऊ शकतो, ही त्याहून मोठी जोखीम आहे.

स्थानिक फाइल दिल्यावर जेडीके ८ मध्ये एक नवी तक्रार येण्याची शक्यता आहे: 'ॲक्सेस-एक्स्टर्नल-स्कीमा' या गुणधर्मामुळे 'फाइल' प्रकारचा प्रवेश नाकारला गेला, अशी. जावा ८ मध्ये एक्सएमएल वाचकावर हे सुरक्षेचे बंधन आले. प्लगइनच्या जेव्हीएम आर्ग्युमेंटमध्ये त्या गुणधर्माचे मूल्य 'फाइल' असे द्या. 'ऑल' लिहूनही काम होते आणि बहुतेक ठिकाणी तेच सुचवलेले आढळते, परंतु तुम्हाला नेटवर्कवरून काहीही आणायचे नसताना ते दार उघडे ठेवण्याचे कारण नाही. तयार झालेला क्लायंट सर्व्हिस चालू होताना पुन्हा डब्ल्यूएसडीएल शोधतो, त्यामुळे तीच फाइल वॉरमध्येही (सर्व्हरवर बसवायच्या पॅकेजमध्ये) समाविष्ट करा आणि बँकेचा प्रत्यक्ष पत्ता 'बाइंडिंग-प्रोव्हायडर'च्या एंडपॉइंट गुणधर्मातून, कॉन्फिगरेशनमधून द्या.

करवीर_कोडर

पंचगंगा_घाट, आपले सांगणे तंतोतंत लागू पडले. सात-आठ वर्षांपूर्वीच्या जार फाइली जुन्या मशीनवर मिळाल्या, डब्ल्यूएसडीएल गिटमध्ये आली आणि कंपाइल पूर्ण झाले. आता चाचण्यांमध्ये दोन दोष उरले आहेत. शेतकऱ्याला जाणारा 'आपल्या उसाचे निव्वळ वजन' हा संदेश तपासणारी चाचणी फसते, कारण अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे येतात. दुसरा दोष मला अधिक विचित्र वाटतो. ऊस आल्याच्या तारखेपासून १४ दिवसांनी देय होणारी तारीख काढणारी चाचणी रात्री दोनच्या बिल्डमध्ये एका दिवसाने चुकते आणि सकाळी हातानेच तेच बिल्ड चालवले की यशस्वी होते. जेनकिन्सच्या वेळापत्रकात मी टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा लिहिला आहे, त्यामुळे बिल्ड बरोबर दोनला सुरू होते.

फुलेवाडी_नाका

हंगाम तोंडावर असताना इतक्या खोलात जाण्याची आवश्यकता मला वाटत नाही. रात्रीचे बिल्ड सकाळी सहाला लावा, चाचणी यशस्वी होईल. किंवा ती एक चाचणी तूर्त वगळा आणि हंगाम संपल्यावर पाहा.

उद्यमनगर

फुलेवाडी_नाका यांचा वेळेबाबतचा आग्रह मला समजतो, तरीही या सूचनेशी मी स्पष्टपणे असहमत आहे. ही चाचणी बिल्डमधील दोष दाखवत नसून सर्व्हिसमधील दोष दाखवत आहे.

क्लाउडवरील उबंटू मशीनची घड्याळे सामान्यतः यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. वेळापत्रकात लिहिलेला टाइमझोन जॉब केव्हा सुरू करायचा एवढेच ठरवतो, बिल्डच्या आत चालणाऱ्या जेव्हीएमला तो कळत नाही. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि त्या मशीनवर आदल्या दिवसाचीच असते. रात्री दोन म्हणजे यूटीसीचे साडेआठ, आदल्या दिवसाच्या रात्रीचे. चाचणी अपेक्षित तारीख बहुधा भारतीय टाइमझोन स्पष्ट लिहून काढते आणि सर्व्हिसचा जुना 'कॅलेंडर' वापरणारा कोड मशीनचा टाइमझोन गृहीत धरतो. सकाळी दोन्ही तारखा जुळतात, म्हणून दोष दिसत नाही. बिल्ड सहाला लावल्याने एवढेच होईल की तो कधीच दिसणार नाही.

आता काट्याचा विचार करा. हंगामात कारखान्याचा काटा रात्रभर चालतो. ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पहाटेपर्यंत हलत असते. ही सर्व्हिस यूटीसीवरच्या मशीनवर बसवली गेली, तर रात्री दीडला वजन झालेल्या प्रत्येक वाहनाची नोंद आदल्या तारखेला पडेल. १६ तारखेच्या पहाटेचा ऊस आधीच्या पंधरवड्यात जाईल आणि ऊसबिल त्याप्रमाणे निघेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी लागते आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते, त्यामुळे तारीख ही इथे केवळ नोंदीपुरती बाब राहत नाही. शेतकऱ्याच्या हातातील पावतीवर एक तारीख आणि हिशोबात दुसरी, असे घडले तर सर्व्हिसवरचा विश्वासच जाईल. म्हणून तुमचे प्रत्यक्ष वापरातील टॉमकॅट (सर्व्हिस चालवणारा वेब सर्व्हर) कोणत्या टाइमझोनवर चालते, हे आजच 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने पाहा आणि टॉमकॅटच्या सुरुवातीच्या पर्यायांमध्ये 'युजर.टाइमझोन' दिला आहे का तेही तपासा.

दुरुस्तीविषयी. चाचणी चालवणाऱ्या श्युअरफायर प्लगइनला भारतीय टाइमझोन दिला की चाचणी लगेच यशस्वी होईल, पण दोष कोडमध्ये तसाच राहील. त्याऐवजी देय तारीख काढणाऱ्या क्लासला 'जावा.टाइम.क्लॉक' बाहेरून द्या. तो जावा ८ मध्येच आहे, त्यासाठी नवी आवृत्ती लागत नाही. प्रत्यक्ष वापरात भारतीय टाइमझोनचे घड्याळ द्या आणि चाचणीत 'क्लॉक.फिक्स्ड' वापरून रात्री दीडची वेळ गोठवा. मग ती चाचणी दिवसा कोणत्याही वेळी चालवली तरी रात्रीची परिस्थिती तपासेल. महिन्याची पहिली तारीख आणि ३१ मार्चची रात्र यांसाठीही एकेक चाचणी लिहा. कारखान्याचा गाळप दिवस मध्यरात्रीऐवजी पाळीच्या सुरुवातीपासून मोजला जात असेल, तर तो नियम ऊस विकास किंवा हिशोब विभागाकडून लेखी घ्या आणि कोडमध्ये एकाच ठिकाणी ठेवा.

प्रश्नचिन्हांचे कारणही याच जातीचे आहे. मशीनवर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ठरवलेले नसेल तर जावा ८ केवळ इंग्रजी अक्षरांचे आस्की एन्कोडिंग गृहीत धरते. लॉगमध्ये 'बिल्ड इज प्लॅटफॉर्म डिपेंडंट' असा इशारा असेल, तो हेच सांगतो. पॉममध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा आणि श्युअरफायरलाही 'फाइल.एन्कोडिंग' तेच द्या. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झाले आहे, परंतु तुम्ही ८ वर असेपर्यंत ते स्पष्ट लिहावेच लागेल.

करवीर_कोडर

प्रत्यक्ष वापरातील सर्व्हर कारखान्यातच आहे आणि त्याचा टाइमझोन भारतीय आहे, म्हणजे आतापर्यंतच्या नोंदी बरोबर आहेत. मात्र हंगामाआधी तोही क्लाउडवर नेण्याचे ठरले होते, त्यामुळे ही चाचणी वगळली असती तर दोष थेट काट्यापर्यंत पोहोचला असता. घड्याळ बाहेरून देण्याचा बदल केला आहे आणि रात्रीचे बिल्ड दोनलाच ठेवले आहे. कारखान्याच्या हिशोबनिसांनी गाळप दिवस पाळीप्रमाणेच मोजला जातो असे सांगितले आहे. तो नियम लेखी मागवला आहे. आता उरलेला प्रश्न जावा १७ चा.

पंचगंगा_घाट

हंगाम संपेपर्यंत ८ वरच राहा. बिल्ड आत्ता कुठे स्थिर झाले आहे. त्यावर एकाच वेळी दुसरा मोठा बदल चढवला तर उद्या काही बिघडल्यास कारण कशात आहे हे वेगळे करता येणार नाही. तोडणी थांबली की आधी ८ वर असतानाच जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्स-बी यांची २.३ मालिका पॉममध्ये स्वतंत्र लायब्ररी म्हणून घ्या आणि जुन्या प्लगइनऐवजी 'कॉम.सन.एक्सएमएल.डब्ल्यूएस' या गटातील प्लगइन वापरा, त्याचीही २.३ मालिकाच. तिला टूल्स.जार लागत नाही. तेवढ्याने बिल्ड यशस्वी झाले की जेडीके १७ लावून पाहा. पॅकेजची नावे 'जावाएक्स'च राहत असल्याने तुमच्या कोडला फारसा हात लावावा लागणार नाही.

टॉमकॅट मात्र ९ वरच ठेवा. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटची (वेब विनंत्या हाताळणाऱ्या कोडची) पॅकेजे 'जकार्ता' या नावाखाली गेली आहेत आणि जॅक्स-डब्ल्यूएसच्या ३ मालिकेतही तेच आहे, त्यामुळे तो टप्पा वेगळा ठरवावा लागेल. त्याआधी बँकेची ती एन्क्रिप्शनची जार १७ वर चालते का, हे बँकेच्या तांत्रिक विभागाला आत्ताच लेखी विचारून ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि तुमच्या सगळ्या वेळापत्रकात तेवढीच एक गोष्ट तुमच्या हातात नाही.